बाहेरचा कान

२ फेब्रुवारी, रविवार

ही वही डॉक्टरांनी दिली. डॉक्टर म्हणजे गुराढोरांचे, कुत्र्यामांजरांचे डॉक्टर, आणि आमच्या ह्यांच्या बँडमधले ड्रमवाले. "वहिनी, आठवडाभर जे ऐकाल ते रोज ह्यात लिहा. खरं खरं लिहा आणि कोणाला दाखवू नका," म्हणाले. छप्पन्नाव्या वर्षी मला गृहपाठ!

झालं असं, की ह्यांचा तिसरा अल्बम तयार आहे. बँड चौघांचा. हे कीबोर्ड वाजवतात आणि गाणी लिहितात (पोटापाण्याला लिफ्ट दुरुस्त करतात). मास्तर शाळेत गणित शिकवतात आणि गिटार वाजवतात. डॉक्टर ड्रमवर. चौथा गाणारा, तोच बेस गिटारही वाजवतो, त्याला सगळे गळा म्हणतात. चौघांच्या डोक्यावरचे केस गोळा केले तर एकाचं डोकं जेमतेम झाकेल, पण रविवारी एकत्र आले की कॉलेजातल्यासारखे खिदळतात.

ह्यांच्यात एक नियम आहे. बावीस वर्षांपूर्वीच्या पहिल्या अल्बममध्ये कोणीच कोणाला "हे लांबलंय" म्हणालं नाही आणि सगळं वाजवत वाजवत कुठच्या कुठे गेलं. तेव्हापासून अल्बम बंद करण्याआधी एक "बाहेरचा कान" नेमतात. ज्याने आधी एक सूरही ऐकलेला नाही असा माणूस. त्याने आठवडाभर ऐकायचं, ऐकताना हातात दुसरं काम घ्यायचं नाही, आणि शेवटी दोन कागद लिहून द्यायचे. एकावर जमलंय काय, दुसऱ्यावर फसलंय काय. बाहेरचा कान काप म्हणाला की कापायचं. वाद नाही, विनवण्या नाहीत. मागच्या वेळी मास्तरांचे मेहुणे होते. त्यांनी मास्तरांचं अख्खं गाणं उडवलं. दोन्ही घरांत अजून येणंजाणं बेताचंच आहे.

ह्या वेळी डॉक्टर म्हणाले, वहिनी. मास्तर म्हणाले, वहिनीच. गळ्याने मान हलवली. आणि आमचे हे म्हणतात कसे, "हिला नको."

का नको? मला काय कान नाहीत? मी तिथल्या तिथे हो म्हणून टाकलं.

३ फेब्रुवारी, सोमवार

लॅबमधून आले, चहा घेतला आणि खुर्चीत बसले. हात रिकामे ठेवून एक तास बसणं म्हणजे शिक्षा आहे. तीस वर्षं दातांच्या लॅबमध्ये काढली. कवळ्या, टोप्या, पूल, सगळं हाताने केलं. माझे हात झोपेतसुद्धा मेण घासत असतील. दोनदा भाजी निवडायला घेतली आणि दोनदा ठेवून दिली. नियम म्हणजे नियम.

अल्बमचं नाव "किनारा दिसेपर्यंत". पाच गाणी. चार बेताची आणि शेवटचं चोवीस मिनिटांचं. ह्या प्रकाराला निओ-प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. मी ह्यांना एकदा विचारलं होतं, प्रोग्रेसिव्ह म्हणजे काय हो? "म्हणजे पुढे जाणारं." मग म्हटलं, पंधरा मिनिटं एकाच जागी का उभंय? हे हसले होते. माझं बोलणं ह्यांना लागत नाही, हे एक बरं आहे.

पहिलं गाणं: सुरुवातीला कीबोर्डचा पूर येतो. पाणी ओसरल्यावर खाली गाणं सापडतं. गाणं चांगलं आहे.

दुसरं: मास्तरांनी ताल सातचा धरलाय. टाळी वाजवायला गेलं की एक हात हवेतच राहतो.

तिसरं: मागे कुत्रं भुंकतं. ड्रम डॉक्टरांच्या दवाखान्यामागच्या शेडमध्ये रेकॉर्ड केलेत, त्यामुळे. राहू द्यावं. बरोबर तालात भुंकलंय.

चौथं: ताऱ्यांबद्दल आहे. तारे कंटाळवाणे आहेत.

पाचव्याला पोचेपर्यंत माझा डोळा लागला.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज सरळ पाचवं लावलं. नाव "राखणदारीण". एका दीपगृहात एक बाई राहते. आमच्या ह्यांनी आयुष्यात समुद्र दोनदा पाहिला असेल, त्यातही एकदा पाठमोरे बसले होते, कारण ऊन डोळ्यांवर येत होतं.

बाई रोज दिव्याची भिंगं पुसते. एक डोळा मिटून प्रत्येक भिंग उजेडात धरते. एक डाग राहिला तर पुन्हा पहिल्यापासून. जहाजावर एक माणूस आहे. तो ह्या दिव्याच्या भरवशावर रोज समुद्रात जातो आणि रोज घरी येतो. येताना भोंगा वाजवतो. बाई काही बोलत नाही. दिवा लावते, झालं.

मग मधली सात मिनिटं. सगळे थांबतात आणि नुसता कीबोर्ड वाजतो, तोही हळू. माणूस किनाऱ्याला लागलाय आणि बाई काहीतरी बोलेल म्हणून वाट बघतोय. सात मिनिटं! बाई बोलत नाही ती नाहीच. मला तर तिचा रागच आला. एवढा तो बिचारा उभा आहे, "आलास का" एवढं म्हणायला काय जातं?

सतराव्या मिनिटाला मास्तरांची गिटार येते. डोळ्यांतून पाणी आलं. लॅबमधल्या प्लास्टरच्या धुळीने हल्ली असं होतं. डॉक्टरांकडून थेंब घ्यावेत म्हटलं, पण ते कुत्र्यांचे देतील.

६ फेब्रुवारी, गुरुवार

काल ऐकलं नाही. लॅबमध्ये दातांच्या दोन पुलांचं काम घाईचं होतं.

लॅबमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर बसते ती माझी जुनी मैत्रीण. तिला सगळा प्रकार सांगितला. ती म्हणाली, "बाई गं, अख्ख्या जगात त्यांना तूच मिळालीस? तू माझ्या लेकीच्या लग्नात नवरीला बघून काय म्हणालीस आठवतंय?" मी म्हणाले होते, ब्लाउजची बाही डावीकडे अर्धा इंच मोठी आहे. होतीच ती. त्यात काय चुकलं?

तिचं म्हणणं, मी कशालाच चांगलं म्हणत नाही. अगं, चांगलं असलं की ते चांगलं असतंच. सांगायचं असतं ते चुकलेलं. दाताची टोपी नीट बसली तर दातांचे डॉक्टर फोन करून सांगत नाहीत. नाही बसली तर करतात. आमचा धंदाच असा.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत पुन्हा राखणदारीण ऐकली. आज भोंग्याच्या जागेवर नीट लक्ष दिलं. ते सूर ह्यांनी दोन बोटांनीच वाजवलेत. एवढी दहा बोटं असून दोनच वापरली आणि तिथेच सगळ्यात जास्त ऐकू आलं. हे मला कधी माहीत नव्हतं. हे घरात वाजवतात ते कानाला हेडफोन लावून, त्यामुळे मला नुसती कळांची टकटक ऐकू येते. मला त्रास नको म्हणून पहिल्या अल्बमपासून लावतात. गुणी माणूस आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

ह्यांचं काय बिनसलंय कळत नाही. मी ऐकायला बसले की हे घरातून बाहेर पडतात. सोमवारी म्हणे पेट्रोल भरायला, मंगळवारीही पेट्रोल भरायला. स्कूटर आहे की टँकर? आज कुठे गेले नाहीत, पण स्वयंपाकघरात जाऊन एकच भांडं धूत बसले. मी हेडफोन काढला तसं विचारलं, "कितव्या मिनिटाला आहेस?"

"सांगायचं नसतं ना?"

"नाही, बरोबर आहे. नसतं." आणि तेच भांडं पुन्हा धुवायला घेतलं.

पित्त झालं असणार. आल्याचा तुकडा दिला चघळायला.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज कागद लिहिले. आठवड्यात राखणदारीण सहा वेळा ऐकली, बाकीची गाणी तीनतीनदा. फसलंय काय, हा कागद भराभर झाला. इथे उतरवून ठेवते.

एक, पहिल्या गाण्यातला कीबोर्ड निम्मा करा, गाणं बुडतंय. दोन, तारे काढा, नाहीतर त्यांना काहीतरी काम द्या. तीन, डॉक्टर, झांजेवर दया करा, ती जनावर असती तर तुम्हीच ओरडला असता. चार, राखणदारीण. बाईचा स्वभाव पटत नाही. एवढी कामाची, एवढी नेमकी, पण तोंडातून एक चांगला शब्द नाही. असली बाई गाण्यात चोवीस मिनिटं सहन होत नाही. तो माणूस तिथे का थांबतो तेही कळत नाही. दुसरा किनारा नव्हता काय? मधली सात मिनिटं काढून टाका. काहीही घडत नाही त्यात. नुसतं थांबणं आहे. ते काढलं की भोंगा संपतो आणि थेट गिटार येते, उत्तर आल्यासारखी.

जमलंय काय, ह्या कागदाशी तासभर बसले. शेवटी लिहिलं: रेकॉर्डिंग स्वच्छ आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

डॉक्टरांच्या शेडमध्ये सगळे जमले. वाचन डॉक्टरांनीच केलं. झांजेचं आलं तेव्हा स्वतःच मोठ्याने हसले. तारे आले तेव्हा गळा म्हणाला, मी दोन वर्षं सांगतोय. मास्तरांना काही लागलं नाही, त्यांच्या वाट्याला टीका नव्हती.

चौथ्या कलमाला डॉक्टर अडखळले. "बाईचा स्वभाव पटत नाही," एवढं वाचलं आणि मास्तरांकडे बघितलं. मास्तर छताकडे बघायला लागले. मग डॉक्टरांनी पुढचं सगळं एका दमात वाचून टाकलं, कडू औषध पाजतात तसं. गळा उठून पाणी प्यायला गेला.  "दुसऱ्या कागदावर काय आहे?" आमच्या ह्यांनी विचारलं. डॉक्टरांनी वाचलं.

"बरं," हे म्हणाले. लगेच कॉम्प्युटरपाशी गेले आणि सात मिनिटं कापली. तिथल्या तिथे, स्वतःच्या हाताने. मग सगळ्यांनी जोडलेलं ऐकलं. गिटार खरंच उत्तरासारखी आली. मला बरं वाटलं, माझं निदान बरोबर निघालं. "बघा," मी म्हटलं, "किती सुटसुटीत झालं." कोणी काही बोललं नाही. नियमच आहे, वाद घालायचा नाही. मंडळी शिस्तीची आहेत.

१२ फेब्रुवारी, बुधवार

हे तीन दिवस कीबोर्डला शिवलेले नाहीत. वर कापड टाकून ठेवलंय. अल्बम झाला म्हणून विश्रांती घेत असतील. बोलतात नेहमीसारखं. बोलणंबिलणं ठीक आहे, पण मला घरात काहीतरी कमी वाटतंय आणि काय ते सापडत नाही. आज संध्याकाळी कळलं. कळांची टकटक.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मी मूर्ख आहे. हे आधी लिहून ठेवते, म्हणजे पुढचं लिहायला सोपं जाईल.

आज सकाळी समोरच्या दाताची टोपी पुरी केली. नेहमीसारखी खिडकीच्या उजेडात धरली, एक डोळा मिटला, आणि नखाने तीन टिचक्या मारल्या. भेग असली तर आवाज बसका येतो. भेग नव्हती, छान वाजली. आणि हात तसाच राहिला. राखणदारीण शेवटच्या कडव्यात काय करते? भिंग पुसून झालं की नखाने तीन टिचक्या मारते आणि कान देते. गळा तिथे गाण्यातसुद्धा तीन टिचक्या मारतो. मी सहा वेळा ऐकलं आणि मनात म्हटलं, दीपगृहवाले भिंगाला असं करत असतील बापडे.

कुठलं दीपगृह आणि कुठलं काय! लग्न नवीन होतं तेव्हा हे मला न्यायला लॅबमध्ये यायचे. दारात उभे राहून बघत बसायचे. मी काम संपेपर्यंत मान वर करायची नाही.

शेजारच्या टेबलावरची म्हणाली, "काय झालं गं? भेग आहे का?" मी म्हटलं, आहे.

मग मीच लिहिलेलं कलम चार डोक्यात एकेक शब्दाने उघडायला लागलं. बाईचा स्वभाव पटत नाही. तोंडातून एक चांगला शब्द नाही. दुसरा किनारा नव्हता काय? भर सभेत वाचायला लावलं मी ते, ह्यांच्या समोर. आणि वर सुटसुटीत झालं म्हणाले.

आणि बावीस वर्षांपूर्वीचं आठवलं. पहिला अल्बम हे घरी घेऊन आले होते. पाहुणे होते, सगळ्यांना बसवून लावला. पहिलं गाणं थांबलं तेव्हा मी विचारलं होतं, "संपलं का? चहा टाकायचाय." सगळे हसले, हेही हसले. हेडफोन त्याच्या पुढच्या आठवड्यात आले.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले. ते एका मांजराला सुई देत होते. मी म्हटलं, "माझे कागद परत द्या."

"परत नाही देता येत, वहिनी. आणि आता तुम्ही बाहेरच्या कुठे राहिलात? धरा जरा ह्याला." मांजराचे मागचे पाय माझ्या हातात दिले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"आम्हा तिघांना पहिल्या दिवसापासून. म्हणून तर तुमचं नाव सुचवलं. वाटलं, ऐकाल, स्वतःला ओळखाल, आणि एकदाचं काहीतरी बोलाल त्याला." सुई काढून त्यांनी मांजराच्या मानेवर बोट दाबून धरलं. "आम्हाला काय माहीत तुम्ही स्वतःलाच उडवाल!"

मला हसू आलं आणि त्याच दमात रडूही आलं. मांजर मात्र मला ओरबाडून गेलं. बरं केलं त्याने.

"पण एक सांगू?" डॉक्टर म्हणाले. "तुमचा काप बरोबर आहे. आम्ही तिघांनी वेगवेगळं बसून ऐकलंय. आता गाणं उभं राहिलंय. म्हणून तर पंचाईत आहे."

१५ फेब्रुवारी, शनिवार

काल दिवसभर तोंड उघडलं नाही.  ह्यांनी विचारलं, "घसा धरलाय का?" आणि कोमट पाणी आणून दिलं. असल्या माणसाची मी बावीस वर्षं नुसती टकटक ऐकत बसले.

आज सकाळी चहा ओतला आणि उभ्याउभ्याच म्हटलं, "अहो, ती सात मिनिटं परत घाला."

हे वर्तमानपत्र वाचत होते. ते खाली ठेवलं. "डॉक्टरने सांगितलं?"

"मला कळलं. टिचक्यांवरून."

"अच्छा." वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाले, "नको घालायला. तुझं बरोबर होतं. मी सहा दिवस त्याचाच विचार करतोय. ती बोलत नाही हे तिचं गाणं आहे, आणि तो तिथे ताटकळतो ते माझं रडगाणं. ते तिच्या गळ्यात मारायला नको होतं. ती रोज दिवा लावते की! तो रोज नीट घरी येतो तो काय हवेवर?"

"तसं नाही," मी म्हटलं. "त्या बाईने बोलायला पाहिजे होतं."

"तिचा स्वभाव नाही तो."

"स्वभावाला काय धरून बसलाय!" माझा आवाज नको इतका चढला. भांडायचं असल्यासारखा. मला चांगलं बोलायची सवय नाही, त्यामुळे बोलायला गेलं की ते भांडण होतं. "मी सांगते, ऐका. भोंगा तुम्ही दोन बोटांनी वाजवलाय. कोणाला येत नाही तसं. मास्तरांना नाही, त्या गळ्याला तर नाहीच. सहाही वेळा तिथे माझा श्वास अडकला. मी आठवडाभर बसून ऐकलं ते नियम म्हणून नाही. तिसऱ्या दिवसापासून मी घड्याळाकडे बघत होते, कधी एकदा घरी जाते आणि लावते असं झालं होतं. आणि हे मी त्या कागदावर लिहिलं नाही, कारण कसं लिहितात ते मला येत नाही. म्हणून लिहिलं रेकॉर्डिंग स्वच्छ आहे!"

 ह्यांनी चष्मा काढला, पुसला आणि उलटा घातला.

तेवढ्यात फोन वाजला. बाजारातल्या सहा मजली इमारतीची लिफ्ट बंद पडली होती. आत कोणी अडकलेलं नव्हतं, नुसती तळाला उभी होती. हे लिफ्टचा फोन आला की तोंडातला घास ठेवून पळतात. आमच्या साखरपुड्यातूनही उठून गेले होते. मी सवयीने ह्यांची हत्यारांची पिशवी उचलून पुढे केली.

ह्यांनी ती माझ्या हातातून घेतली आणि खाली ठेवली. फोनवर म्हणाले, "तासाभराने येतो." पलीकडून कोणीतरी कावलं. "जिने आहेत ना? चढा की," म्हणाले आणि फोन बंद केला.

मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. "हं," म्हणाले, "बोल. सहाही वेळा काय झालं?"

मी बोलले. चहा दोनदा गरम करावा लागला.